'भाविकांनी' ते 'भाविकांना' : खानदेशातील उत्सवपत्रकाच्या संहितेविषयी

१

पारोळ्याच्या बालाजीचा रथ कधी निघतो, हे पारोळ्याच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, तेव्हापासून देवाच्या वाहनांच्या मिरवणुका सुरू होतात आणि दसऱ्यानंतरच्या एकादशीला रथ ओढला जातो. हे वेळापत्रक पंचांगात आहे आणि पंचांग न पाहणाऱ्याच्याही अंगवळणी पडलेले आहे. तरीही या उत्सवाची जाहिरात दरवर्षी नव्याने होते. ती पूर्वी पिवळ्या किंवा गुलाबी कागदावर छापून येई, आज ती चौकातील फलकावर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येते. ज्याला माहीत आहे त्यालाच ही माहिती पुन:पुन्हा का दिली जाते, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु उत्सवपत्रकाचे प्रयोजन माहिती देणे हे नसावे, अशी शंका या प्रश्नातून निर्माण होते आणि ती शंका साहित्याच्या व भाषेच्या अभ्यासकाने गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषेची सहा कार्ये सांगितली. त्यांपैकी संदेशाच्या ग्राहकाकडे रोख असलेले आवाहनात्मक कार्य हे संबोधनात आणि आज्ञार्थात सर्वांत शुद्ध स्वरूपात आढळते, असे त्यांचे म्हणणे होते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी तर बोलणे हीच एक कृती असते, या विचाराला शास्त्रीय बैठक दिली. निमंत्रण ही अशी कृती आहे. 'मी तुम्हांला बोलावतो' असे म्हणणे म्हणजे बोलावण्याचे वर्णन करणे नव्हे, बोलावणेच होय. मात्र कृती म्हटली की तिचा कर्ता आणि त्याचा अधिकार हे प्रश्न ओघाने येतात. उत्सवपत्रक तयार करणारा माणूस कागद, रंग, चित्र, अक्षर यांची निवड करतो तेव्हा तो या प्रश्नांचीही उत्तरे देत असतो. गावाला कोणी बोलवावे, आणि बोलावले जाणारे गाव म्हणजे कोण?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा खानदेशातील, मुख्यत: पारोळा व त्याच्या आसपासच्या भागातील उत्सवांच्या आधारे घ्यावयाचा आहे. उत्सवाचा पुकारा, छापील पत्रक आणि आजचा फलक या तीन अवस्थांत बोलावल्या जाणाऱ्या माणसाची विभक्तीच बदलत गेली आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

पहिली अवस्था दवंडीची. 'ऐका हो ऐका' या शब्दांत संबोधन आहे आणि आज्ञार्थ आहे. याकबसन यांना अभिप्रेत असलेले आवाहन याहून शुद्ध रूपात क्वचितच सापडेल. दवंडीला कागद लागत नाही, वाचता येण्याची अट नसते आणि तिची व्याप्ती आवाजाच्या पल्ल्याइतकी असते. ती गल्लीच्या तोंडाशी थांबते, बोलते आणि पुढे जाते. तिची कालवाचक क्रियाविशेषणेही जवळची असतात : आज, उद्या, दिवस मावळताना. सन लिहिण्याची गरज दवंडीला पडत नाही, कारण ती उच्चाराबरोबर संपते.

दवंडीची भाषा गावाची भाषा असते, हेही महत्त्वाचे आहे. पारोळ्याच्या परिसरात घरीदारी अहिराणी बोलली जाते. पुकारा करणारा आणि पुकारा ऐकणारा यांच्यात शिष्ट मराठीची भिंत असण्याचे कारण नव्हते.

परंतु दवंडीविषयी भाबडा गहिवर येण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गावगाड्यात वर्दी देणे, निरोप पोचविणे, पुकारा करणे ही कामे वतनी महारांकडे असत. मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८च्या कायद्याने रद्द झाली. म्हणजे त्याआधी अनेक गावांत देवाच्या उत्सवाला गावाला बोलावणारा आवाज अशा माणसाचा असे, की ज्याला त्या देवाच्या गाभाऱ्याकडे पाहण्याचीही मुभा नव्हती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिकविणाऱ्या साने गुरुजींना पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. ही घटना दवंडीच्या संदर्भात आठवली म्हणजे 'ऐका हो' या संबोधनाचा अर्थ निराळा होतो. ज्याच्या मुखातून शब्द निघतात तो त्या शब्दांचा कर्ता नाही. तो बोलावतो, पण निमंत्रण त्याचे नसते, आणि त्याला स्वत:ला तर ते नसतेच. आवाज आणि अधिकार यांची ही फारकत मौखिक परंपरेच्या पोटातच होती. छपाईने ती निर्माण केलेली नाही.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाई जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली आणि उत्सवाला कागद मिळाला. त्याच काळात उत्सवांचेही स्वरूप बदलत होते. जळगावच्या श्रीराम रथोत्सवाची परंपरा अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केल्याचे मानले जाते. कार्तिकी एकादशीला निघणारा तो रथ आजही शहराच्या जुन्या भागातून ओढला जातो. १८९३-९४च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला आणि 'सार्वजनिक' हे विशेषण उत्सवाला कायमचे चिकटले. घरातील किंवा संस्थानातील देव सार्वजनिक झाला म्हणजे त्याच्या निमंत्रणाची कक्षा ओळखीच्या माणसांपलीकडे जाते. ज्याला ओळखत नाही त्याला बोलावण्यासाठी पत्रक लागते.

या म्हणण्याचा पडताळा खानदेशातच उलट्या बाजूने मिळतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते आणि दुसऱ्या दिवशी तिचे विसर्जन होते. त्यासाठी भाऊबंद एकत्र येतात, परगावी पोटापाण्यासाठी गेलेली माणसे परततात, रोट होतात, रात्रभर अहिराणी गाणी म्हटली जातात. माणसांची ये-जा मोठी, पण या उत्सवाला परंपरेने पत्रक नाही. त्याचे निमंत्रण नात्यातच अंतर्भूत असते. रोट कोणाचे आणि कोणी खायचे हे कुळ ठरविते. बोलावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, न बोलावता न येणे हाच अपराध ठरतो. रथाची गोष्ट वेगळी. रथ ओढायला आणि पाहायला कुळापलीकडची, पंचक्रोशीतील माणसे लागतात. पारोळ्याला रेल्वे नाही, ते धुळे-जळगाव हमरस्त्यावरचे गाव आहे. १९४८ नंतर एस.टी. आली आणि यात्रेकरूची वाट बसस्थानकावरून जाऊ लागली. पत्रक चिकटविण्याची जागा त्यामुळे मंदिराच्या दारातून बसस्थानकाच्या भिंतीवर आली.

या पत्रकाची घडण पाहण्यासारखी आहे. ट्रेडल यंत्रावर, बहुधा एकाच शाईत, पतंगी कागदावर ते छापले जाई. मथळ्यासाठी मोठे लाकडी ठसे, मजकुरासाठी शिशाचे खिळे, मध्ये देवतेचा जस्ताचा ठोकळा. मुद्रणालयात बालाजीचा ठोकळा नसला तर विष्णूच्या दुसऱ्या एखाद्या ठोकळ्यावर भागविले जाई. चित्र हे ओळखीपुरते होते. रंगीत देवप्रतिमेची भूक भागविणारी दुसरी यंत्रणा अस्तित्वात होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये पुण्यात काढलेली चित्रशाळा आणि राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना यांनी देवांची शिळाछापाची चित्रे घरोघर नेली होती. त्याच सुमारास पॅरिसमध्ये झ्यूल शेरे आणि तूलूझ-लोत्रेक यांच्या हातून शिळाछापाचे भित्तिपत्रक ही स्वतंत्र कला झाली होती. तेथे भित्तिपत्रक चित्राकडून अक्षराकडे आले. आपल्याकडील उत्सवपत्रकाची जात मुळात अक्षराची. ते भिंतीवर लावलेले असले तरी घडणीने पत्रच होते. वर 'श्री', खाली सह्या, मध्ये मायना व मजकूर.

मजकुराची सुरुवात बहुधा 'सालाबादप्रमाणे' या शब्दाने होई. हा फारसी वळणाचा शब्द मराठी दप्तरांतून आलेला. पूर्वी इनामे, नेमणुका, देवस्थानचे खर्च सालाबाद चालत. पत्रकात तो शब्द आला की उत्सवाला जणू वहिवाटीचा हक्क प्राप्त होतो. पारोळ्यासारख्या जहागिरीच्या गावात, जेथे अठराव्या शतकातला भुईकोट अजून उभा आहे, या शब्दाला विशेष अर्थ आहे. जहागीर गेली, किल्ला पडझडीस आला, पण दप्तराची भाषा देवाच्या पत्रकात टिकून राहिली. त्यानंतर तिथी, वार, शालिवाहन शक आणि इंग्रजी तारीख अशी दुहेरी कालगणना येते. दवंडीच्या 'उद्या'ची जागा आता दोन पंचांगांनी घेतलेली असते. एक पंचांग देवाचे, दुसरे कचेरीचे आणि एस.टी.चे.

मग येतो मिरवणुकीचा मार्ग. चौक, पेठा, गल्ल्या यांची ही यादी वाचताना निरस वाटते, परंतु पत्रकातला सर्वांत जबाबदारीचा भाग तोच. धुळ्यात १८९५ साली गणपतीच्या मिरवणुकीवरून मशिदीपाशी संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि तो गणपती 'खुनी गणपती' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच मशिदीपाशी पुढे त्या गणपतीचे स्वागत होऊ लागले, ही गोष्टही तितकीच खरी. देव कोणत्या रस्त्याने जाणार हे छापणे म्हणजे त्या रस्त्यावरचा हक्क सांगणे किंवा त्या रस्त्यावरच्या माणसांना विश्वासात घेणे. यांपैकी कोणते, हे पत्रकाच्या शब्दांतून नव्हे तर गावाच्या इतिहासातून ठरते.

पत्रकाचा गाभा मात्र शेवटच्या वाक्यात असतो : तरी सर्व भाविकांनी उपस्थित राहून दर्शनाचा लाभ घ्यावा. हे वाक्य व्याकरणाच्या अंगाने पाहिले पाहिजे. क्रियापद विध्यर्थी आहे. विध्यर्थात विनंती, इच्छा, कर्तव्य यांच्या छटा एकमेकींत मिसळलेल्या असतात. आज्ञार्थातला थेटपणा येथे नाही. 'भाविकांनी' ही तृतीया आहे आणि प्रयोग कर्मणी आहे. क्रियापद 'लाभ' या शब्दाप्रमाणे चालते. भाविक कर्ता आहे, पण वाक्यावर त्याची सत्ता नाही. तरीही तो कर्ता आहे, हे विसरता कामा नये. येणे, राहणे, घेणे, ओढणे, शोभा वाढविणे ही सर्व कामे त्याने करावयाची आहेत. त्याच्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. रथाचेही तसेच असते. चाकांना मोगरी लावून वळण देणारे, दोर ओढणारे, दिवट्या धरणारे हात नसतील तर रथ जागचा हलत नाही. पत्रकाचे व्याकरण आणि रथाची यंत्रणा यांत असा मेळ होता.

वाक्याच्या खाली 'विनीत' किंवा 'आपले नम्र' हे शब्द आणि नावे. येथे दवंडीतील फारकत मिटते. बोलावणाराचा अधिकार आता लपून राहत नाही, तो छापला जातो. तळाशी मुद्रणालयाचे नाव येते ते १८६७च्या मुद्रणविषयक कायद्यामुळे. प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण असलेच पाहिजे, असे त्या कायद्याचे बंधन होते. त्याची जागा २०२३च्या कायद्याने घेतली असून तो मार्च २०२४ पासून अमलात आला आहे. सरकारने जरबेसाठी घातलेल्या या अटीमुळे गावोगावच्या मुद्रणालयांचा पत्ता लावण्याचे एक साधन अभ्यासकाच्या हाती आले.

पण 'विनीत'खालची नावे कोणाची? देवस्थानचे विश्वस्त, व्यापारी, गावातील प्रतिष्ठित. स्त्रियांची नावे त्यांत क्वचितच. नवरात्र हा ज्यांच्या व्रतांचा काळ, त्या पत्रकाच्या कर्त्या नाहीत. आणि जेथे ही नावांची यादी 'समस्त ग्रामस्थ' या शब्दांनी संपते तेथे तर विशेष सावध राहावे लागते. 'समस्त' हा शब्द सर्वांना सामावून घेतो की ज्यांना वगळले त्यांचा उल्लेख टाळण्याची सोय करतो? बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये छापील शब्दातून कल्पित समाज कसा घडतो ते दाखविले. ग्रामपातळीवरचा कल्पित समाज 'समस्त' या एका शब्दात घडत होता, आणि त्या समाजाच्या सीमारेषा छापलेल्या नसल्या तरी सर्वांना माहीत होत्या. आंबेडकर जयंतीची पत्रके वस्त्यावस्त्यांतून निघू लागली त्यांचे महत्त्व येथे आहे. ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्यांची दवंडी दिली त्यांनी आता स्वत:च्या नावाने गावाला बोलावले. निमंत्रितातून निमंत्रक होणे ही लहान घटना नव्हे.

४

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात संगणकीय अक्षरजुळणी आली आणि खिळे वितळविले गेले. पुढच्या दशकात फ्लेक्स नावाचे प्लॅस्टिकचे कापड आले. या दोहोंच्या मध्ये आणि आधीही पेंटर होता. कापडी फलकावर आणि चुन्याच्या भिंतीवर अक्षर काढणाऱ्या या माणसाचे स्थान मराठीच्या अक्षरविचारात अद्याप नीट निश्चित झालेले नाही. कमल शेडगे यांच्या नाट्यजाहिरातींतील अक्षरांनी नाटकाच्या नावाला स्वभाव दिला, र. कृ. जोशी यांनी अक्षराला कवितेच्या आणि संगणकाच्या दोन्ही क्षेत्रांत नेले. या थोर नावांच्या मागे तालुक्याच्या गावातला पेंटर उभा आहे. त्याच्या वेलांटीवरून फलक कोणाच्या हातचा ते ओळखता येई. १९९५च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायद्याने महाराष्ट्रात भिंतीवर लिहिणे अवघड केले, पण पेंटरला खरे निष्प्रभ केले ते फ्लेक्सच्या स्वस्ताईने व वेगाने.

फ्लेक्सने पत्रकाची घडणच उलटी केली. देवता वरच्या कोपऱ्यात गेली आणि मध्यभागी माणसांची छायाचित्रे आली. अक्षर चित्राच्या मोकळ्या जागेत बसविले जाऊ लागले. रोलाँ बार्थ यांनी १९६४ मधील निबंधात जाहिरातीतील शब्द हे चित्राच्या संदिग्ध अर्थाला नांगर टाकून स्थिर करतात, असे दाखविले होते. आपल्या फलकावरील नावे हेच काम करतात. हा चेहरा कोणाचा, एवढेच शब्दांनी सांगायचे उरते. मिरवणुकीचा मार्ग, वाहनांचा क्रम, तिथी हा तपशील बहुधा गळतो. राहते ते एक पद : सर्व भाविकांना हार्दिक शुभेच्छा.

या पदात क्रियापद नाही. 'भाविकांनी' जाऊन 'भाविकांना' आले आहे. तृतीयेची चतुर्थी झाली. भाविक कर्ता होता तो आता संप्रदान झाला, घेणारा झाला. त्याच्याकडून काहीच अपेक्षित नाही. त्याने यावे, ओढावे, वाढवावे असे कोणी म्हणत नाही. तो आला काय आणि न आला काय, शुभेच्छा पुऱ्या झालेल्या असतात. निमंत्रण ही कृती स्वीकारावी किंवा नाकारावी लागते, म्हणून ती दोन पक्षांना बांधते. शुभेच्छा नाकारता येत नाही, म्हणून ती कोणालाच बांधत नाही. 'विनीत' हा शब्दही ओघानेच गेला, कारण ज्याला काही मागायचे नाही त्याला विनीत होण्याचे प्रयोजन उरत नाही. त्याच्या जागी 'शुभेच्छुक' आणि 'सौजन्य' आले.

यावरून पूर्वीचे ते सर्व चांगले आणि आजचे ते सर्व ऱ्हासाचे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, परंतु तो चुकीचा ठरेल. 'विनीत'च्या यादीत ज्यांच्या घराण्यातील कोणाचेही नाव कधी छापले गेले नाही, अशा तरुणांचे चेहरे आज फलकावर दिसतात. खिळ्यांच्या काळात नाव छापून येण्यासाठी प्रतिष्ठा लागे, फ्लेक्सच्या काळात थोडी वर्गणी पुरते. दहा-बारा मित्र मिळून स्वत:ला चौकात उभे करू शकतात. त्यांच्या हौसेला हसणाऱ्याने आधी 'समस्त ग्रामस्थ' या शब्दाचा इतिहास वाचावा. तेव्हा फलकाने चेहरा दिला हे मान्य केले पाहिजे, आणि निमंत्रणाचे क्रियापद घेतले हेही नोंदविले पाहिजे. ज्यांना शतकानुशतके गावाला बोलावण्याचा अधिकार नव्हता त्यांच्या हाती फलक आला तो नेमका बोलावण्याची भाषा संपत असताना, ही या इतिहासातील खेदाची बाब आहे.

५

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना प्रस्तुत लेखकाने रथोत्सवाच्या पत्रकाचा मजकूर लिहून आणण्यास सांगितले. बहुतेकांनी प्रथम शुभेच्छाच लिहिल्या. निमंत्रण लिहा असे सुचविल्यावर 'लाभ घ्यावा' आले. हेच अहिराणीत लिहा म्हटल्यावर वर्गात हशा पिकला. व्हरांड्यात अहिराणीत बोलणाऱ्या त्या मुलांना ती पत्रकावर लिहिण्याची भाषा वाटत नव्हती. कोणी म्हणाले, देवाचे पत्रक असे कसे लिहायचे? कोणी म्हणाले, विनोदी वाटेल. एका विद्यार्थिनीने मात्र मजकूर आणला. त्यात सालाबाद नव्हते, विनीत नव्हते, शकही नव्हता. तिने आजी शेजारणीला ज्या शब्दांत हाक मारते ते शब्द लिहिले होते. ती हाक संबोधनात होती. दवंडीनंतर हरवलेली विभक्ती त्या कागदावर परत आलेली होती, आणि या वेळी हाक मारणारी स्त्री त्या हाकेची स्वत: धनी होती.

या अनुभवावरून कोणताही कार्यक्रम सुचविण्याचा हेतू नाही. अहिराणीतून पत्रके निघाली म्हणजे गाव एक होईल असे मानण्याइतके आपण भोळे नाही. पण मराठी समीक्षेने साहित्याच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या या संहितांत कोण कोणाला कोणत्या विभक्तीत बोलावतो याचा इतिहास साठलेला आहे, एवढे यावरून दिसावे. देशी परंपरेची चर्चा आपण ग्रंथांच्या आधारे पुष्कळ केली. भिंतीवरच्या कागदाकडे मात्र पाहिले नाही. पतंगी कागद दोन पावसाळ्यांत विरतो, फ्लेक्स उत्सव संपताच उतरून गोठ्याच्या छपरावर जातो, पडद्यावरचे चित्र दुसऱ्या दिवशी पुसले जाते. तालुक्याच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी आपापल्या गावातील उत्सवपत्रके वर्षागणिक जपून ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाला हा इतिहास अधिक पुराव्यानिशी लिहिता येईल.

आश्विनातल्या एकादशीला पारोळ्याचा रथ यंदाही निघेल. फलकावर कोणी या असे म्हटलेले नसले तरी माणसे येतील, कारण दोर ओढायला अजून माणसेच लागतात.